मदत हवी आहे: जुन्या कॅमरीसाठी सॅटेलाइट रेडिओ कुठला घेऊ?

मंडळी, माझी गाडी २००३ ची टोयोटा कॅमरी, न्यू जर्सीत असतो. डेकमध्ये (गाडीच्या स्टिरिओत) सीडी आणि कॅसेट आहे पण ऑक्स (बाहेरचं यंत्र वायरने जोडायची खाच) नाही, ब्लूटूथ तर विसराच. दर महिन्याला पिट्सबर्गला जावं लागतं आणि पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात एफएम खरखरत बसतो म्हणून सिरियसएक्सएम (सॅटेलाइट रेडिओची सेवा) घ्यायचा विचार आहे. त्यांचा ऑनिक्स प्लस रिसीव्हर बघितला, पण तो एफएम ट्रान्समीटरवर (म्हणजे त्याचा आवाज रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरून गाडीच्या एफएमवर ऐकायचा) लावला तर आमच्याकडे रिकामी फ्रिक्वेन्सीच सापडत नाही हो, सगळीकडे स्टेशनं! कॅसेट अ‍ॅडॅप्टरने आवाज बरा येतो का? की सरळ डेकच बदलू? अँटेना छतावरच लागते की डॅशबोर्डवर चालेल? बायको म्हणते गाडीपेक्षा रेडिओ महाग पडेल. कोणी वापरलाय का?