स्वस्त घरासाठी ब्रॅम्प्टन सोडून एडमंटनला जावे का?

चर्चाप्रस्ताव : उंबरठा

कॅनडातल्या टोरोंटो परिसरातल्या मराठी कुटुंबांत चार लोक जमले की हल्ली एक विषय हमखास निघतो : इथे घर घेणे आवाक्यात राहिलेले नाही, तर पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात का जाऊ नये? अल्बर्टा सरकारने २०२२ मध्ये ‘अल्बर्टा इज कॉलिंग’ अशी जाहिरात करून टोरोंटो आणि व्हँकूव्हरच्या लोकांना आवतण दिले, आणि २०२३ या एका वर्षात त्या प्रांताची लोकसंख्या दोन लाखांनी वाढली. तरीही आपल्याकडे चर्चा ‘बाप रे, उणे चाळीस!’ या उद्गारापाशी येऊन थांबते. मला हा थंडीचा बाऊ वाटतो, आणि त्यापायी आपण दरमहा किती पैसे घालवतो हे कुणीतरी मांडावे म्हणून हा प्रस्ताव.

आम्ही टोरोंटोलगतच्या ब्रॅम्प्टनमध्ये भाड्याने राहतो. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरची असून ती सध्या घरूनच चालते, मोठा मुलगा शाळेत आणि धाकटी पाळणाघरात आहे, आणि सासूबाई सुपर व्हिसावर (मुलांकडे दीर्घकाळ राहू देणाऱ्या पालकांच्या व्हिसावर) आमच्याकडे असतात. आम्हाला हवे तसे जोडघर इथे साधारण साडेआठ लाख डॉलरला पडते, तर अल्बर्टाच्या राजधानीत, एडमंटनमध्ये, तेवढेच घर साडेचार लाखांच्या आसपास मिळते. दोन्हीकडे वीस टक्के रक्कम आधी भरली, व्याज साडेचार टक्के आणि मुदत २५ वर्षे धरली, तर इथला हप्ता महिन्याला सुमारे ३,७५० डॉलर येतो आणि तिथला २,००० च्या आत. शिवाय साडेआठ लाखांच्या घरावर ऑन्टारियो या आमच्या प्रांताचा खरेदी हस्तांतरण कर साडेतेरा हजारांच्या घरात जातो आणि टोरोंटो शहराच्या हद्दीत तो जवळजवळ दुप्पट होतो. अल्बर्टात असा करच नसून फक्त नोंदणीचे किरकोळ शुल्क लागते. विक्रीकर इथे तेरा टक्के, तिथे पाच, म्हणजे चाळीस हजारांच्या गाडीवर ३,२०० डॉलर वाचले. पाळणाघराचे पालकशुल्क अल्बर्टात एप्रिल २०२५ पासून महिन्याला सरसकट ३२६.२५ डॉलर झाले आहे, तर इथे ते दिवसाला २२ डॉलरपर्यंत जाऊ शकते.

राहिला प्रश्न थंडीचा. जानेवारीचे सरासरी तापमान ब्रॅम्प्टनला उणे पाचच्या आसपास असते आणि एडमंटनला उणे दहा ते बारा. विंटर टायर, जाड जॅकेट, बूट, फावडे यांचा खर्च इथेही चुकलेला नाही. मग केवळ सहा-सात अंशांसाठी महिन्याला पावणेदोन हजार डॉलर मोजणे मला तरी पटत नाही. ज्यांना पटते त्यांनी आपले हिशेब मांडावेत.

चौकस

घराच्या हप्त्याचा आकडा बरोबर आहे. बाकीच्या वजाबाकीत मात्र सोयीच्या बाबी तेवढ्या उचललेल्या दिसतात, म्हणून राहिलेल्या जोडतो.

अल्बर्टात आयकर कमी, हा समज मध्यम पगाराला लागू पडत नाही. तिथे करमुक्त रक्कम मोठी, २२ हजारांच्या पुढे आहे खरी, पण त्यावरचा प्रांतिक कर २०२५ पासून पहिल्या साधारण ६० हजारांपर्यंत आठ टक्के आणि पुढे दहा टक्के असा लागतो, तर ऑन्टारियोत सुरुवातच ५.०५ टक्क्यांनी होते. वार्षिक ९५ हजारांचा पगार धरला आणि ऑन्टारियोचा आरोग्य अधिभार मिळवला, तर दोन्हीकडची रक्कम जवळजवळ सारखी येते. विक्रीकराचा फायदा मोठ्या खरेदीत दिसतो. धान्य, भाजी, दूध यांवर दोन्हीकडे कर नसल्याने महिन्याच्या वाणसामानात काही वाचत नाही.

मालमत्ता कराचे आणखी गमतीचे आहे. ऑन्टारियोत अजूनही १ जानेवारी २०१६ च्या मूल्यांकनावर कर बसतो, तर एडमंटनमध्ये मूल्यांकन दरवर्षी होते आणि कर त्याच्या एक टक्क्याच्या आसपास जातो. परिणामी घर निम्म्या किमतीचे असले तरी कर काही निम्मा होत नाही, आणि पुष्कळदा तो जवळपास तेवढाच भरावा लागतो.

आणि बिले. तिथल्या गॅसच्या बिलात प्रत्यक्ष गॅसची किंमत ही एकच ओळ असते. तिच्याखाली वितरण, प्रशासन आणि महापालिकेचे शुल्क अशा ओळी असतात, आणि जुलैमध्ये फर्नेस (घर तापवणारी भट्टी) बंद असली तरी त्यांतल्या स्थिर रकमा भराव्याच लागतात. वीजबिलाची रचनाही अशीच. वाहनविमा अल्बर्टात महाग आहे, फक्त ब्रॅम्प्टनकरांना तो जाणवणार नाही, कारण आपण ऑन्टारियोतल्या सर्वांत महाग विम्यांपैकी एक आधीच भरत आहोत. (आपल्या शहराचा हा एक फायदा धरायला हरकत नाही.)

हे सगळे धरूनही फरक एडमंटनच्याच बाजूने राहतो, हे मान्य. पण तो महिन्याला पावणेदोन हजारांचा नाही.

मुळामुठा

मी एडमंटनमध्ये राहते आणि प्रस्तावाशी असहमत आहे. पैशांबद्दल चौकस यांनी लिहिलेच आहे, म्हणून मी थंडीबद्दल लिहिते, कारण ‘सहा-सात अंश’ हा आकडा सरासरीचा आहे आणि माणसे सरासरीत राहत नाहीत. टोरोंटोत बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा पडतो. इथे वर्षभरात पडणारा बर्फ तिथल्यापेक्षा फार जास्त नसतो, परंतु नोव्हेंबरमध्ये पडलेला थर मार्चपर्यंत जागचा हलत नाही. पायवाटेवर तो तुडवला जाऊन त्याची काच होते. मधूनच आठ-दहा दिवसांची लाट येते, तेव्हा पारा उणे तीसच्या खाली जातो, आणि वाऱ्यासकट जाणवणारे तापमान उणे तीसच्या घरात असले तरी उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. रात्री गाडीचा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारे उपकरण, विजेला जोडून ठेवावा लागतो. सकाळी बंपरमधून बाहेर काढलेली ती वायर सोडवायला जावे तर ती इतकी ताठ झालेली असते की गुंडाळता येत नाही, आणि हातमोजे काढल्याशिवाय प्लग सुटत नाही. घरात फर्नेस अखंड चालल्यामुळे हवा एवढी कोरडी होते की मुलांच्या नाकातून रक्त येते, आणि म्हणून ह्युमिडिफायर लावावा तर खिडक्यांच्या कडांना आतून बर्फ धरतो.

तरुण कमावत्या माणसाला हे सगळे जमते, मलाही जमले. माझा आक्षेप वेगळा आहे. थंडीची किंमत मोजतो तो घरी राहणारा, आणि हिशेब मांडतो तो कमावणारा. उंबरठा, तुमच्या प्रस्तावात सासूबाईंचा उल्लेख एका ओळीत येऊन संपतो. ब्रॅम्प्टनमध्ये त्या बसने देवळात जात असतील, उद्यानात समवयस्क बायका भेटत असतील, हिवाळ्यातही मधूनमधून उघडीप मिळत असेल. इथे डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. माझ्या आई सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी बाहेर पडणे आपणहून बंद केले, कारण पायवाटेवरून घसरून आपण लेकीला आणखी एक काम लावू, असे त्यांना वाटे. सुपर व्हिसावर आलेल्यांना प्रांताचे आरोग्यकवच नसते आणि खासगी विमा काढूनच यावे लागते, त्यामुळे मोडलेल्या मनगटाचा हिशेबही वेगळा होतो.

दख्खनची राणी

कॅल्गरीहून लिहितो. एडमंटनच्या थंडीला अल्बर्टाची थंडी म्हणू नये. आमच्याकडे रॉकी पर्वतावरून उतरणारा चिनूक वारा सुटला की काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो आणि जानेवारीत साध्या स्वेटरवर फिरता येते. काहींना त्या वाऱ्याने अर्धशिशी होते, तो भाग वेगळा. ऊन मात्र वर्षभर भरपूर. घरे एडमंटनपेक्षा चांगलीच महाग आहेत, आणि हवामानाचा विचार करताना उन्हाळाही धरावा लागतो, कारण ऑगस्ट २०२४ च्या एका गारपिटीत आमच्या शहरात सुमारे तीन अब्ज डॉलरचे विमाधारक नुकसान झाले आणि घरविम्याचे हप्ते त्यानंतर वाढले.

उंबरठा

सर्वांचे आभार. चौकस यांच्या जोडण्या मी मांडून पाहिल्या. मालमत्ता कर सारखा धरला, बिले आणि घरविमा यांसाठी महिन्याला तीनशे डॉलर जादा धरले, तरी वर्षाला सतरा हजारांवर डॉलर उरतातच. त्यात दरवर्षी पुण्याची तिकिटे निघतील. सासूबाईंना नोव्हेंबरमध्ये पुण्याला पाठवून मार्चअखेर परत आणता येईल, आणि खरे सांगायचे तर त्यांनाही तेच आवडेल.

मुळामुठा यांचा मुद्दा मला कमी लेखायचा नाही. पण ब्रॅम्प्टनमध्येही घरी राहणारा किंमत मोजतोच, आणि ती जागेच्या रूपाने मोजतो. आम्ही सध्या बेसमेंटमध्ये राहतो. छताखालच्या दोन आडव्या खिडक्यांतून येईल तेवढाच उजेड, वरच्या मजल्यावर कुणी चालले की खाली भांडी वाजतात, आणि सासूबाईंची खाट जिन्याखाली आहे. थंडीत थांबल्यास जिचे पाच महिने घरातच जाणार आहेत तिला निदान खिडकी असलेली स्वतःची खोली मिळावी, हे हवामानाच्या हिशेबात का धरू नये?

काटेकोर

एवढ्या चर्चेत नोकरीचा विचार कुणी गांभीर्याने केलेला नाही, आणि माझ्या मते बाकी सगळे त्यानंतरचे आहे. घरून चालणारी नोकरी ही कंपनीची सवलत असते, हक्क नव्हे. उद्या टोरोंटोच्या कचेरीत आठवड्यातून तीन दिवस हजर राहा असा आदेश आला, तर ब्रॅम्प्टनकर ‘गो’ ही उपनगरी ट्रेन पकडेल आणि एडमंटनकराला चार तासांचे विमान पकडावे लागेल. तिथे दुसरी नोकरी शोधायची म्हटले, तर त्या प्रांताचे अर्थकारण आजही तेलाच्या भावाशी बांधलेले आहे. २०१४ च्या अखेरीस भाव कोसळले तेव्हा पुढची दोन वर्षे तिथे नोकरकपात चालू होती, आणि तिचा फटका फक्त तेलकंपन्यांना बसला असे नाही. आता इतके लोक नव्याने तिथे गेल्यावर एका जागेसाठी अर्ज करणारेही वाढले आहेत. नोकरी टिकली, तरी वेळेतला दोन तासांचा फरक आहेच. टोरोंटोची नऊची बैठक तिथे सकाळी सातला, म्हणजे डिसेंबरात उजाडण्याच्या पावणेदोन तास आधी.

आणखी एक. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी कडाक्याच्या थंडीत अल्बर्टाच्या वीजजाळ्यावर एवढा ताण आला की वीज ताबडतोब कमी वापरा, असा आणीबाणीचा संदेश लोकांच्या फोनवर पाठवावा लागला. लोकांनी काही मिनिटांत दिवे-उपकरणे बंद केली आणि भारनियमन टळले, हे कौतुकाचेच. परंतु फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, हे नव्याने जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मुळामुठा

उंबरठा, खिडकीच्या खोलीचा मुद्दा मला मान्य आहे. माझा विरोध अल्बर्टात येण्याला नाही. साडेचार लाखांचे घर कुठे आहे हे न पाहता येण्याला आहे. या किमतीत नवे घर मिळते ते बहुधा शहराच्या टोकाच्या वसाहतीत, जिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते. त्यापेक्षा मिल वुड्ससारख्या जुन्या भागातले चाळीस-पन्नास वर्षांचे घर पाहावे. तिथे भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून थेट शहराच्या मध्यापर्यंत ट्राम जाते. अशा घराची फर्नेस, खिडक्या आणि पोटमाळ्यातले थंडीरोधक अस्तर यांची तपासणी जाणकाराकडून करून घ्या, कारण जुन्या घरात गॅसचे बिल त्यावरच ठरते. शिवाय गावी फोन करायला इथे सोय आहे. हिवाळ्यात भारताशी साडेबारा तासांचा फरक असल्याने आपले रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ.

सासूबाई दर हिवाळ्यात पुण्याला जातील हे गृहीत धरू नका. पुण्यात त्यांच्याकडे पाहणारे कोण आहे, आणि आणखी पाच वर्षांनी एवढा विमानप्रवास त्यांना झेपेल का, हे त्यांनाच विचारा. प्रतिसादात ‘त्यांनाही तेच आवडेल’ असे तुम्ही लिहिले आहे, ‘त्या म्हणाल्या’ असे लिहिलेले नाही.

उंबरठा

विचारलेले नाही, हे खरे. आज रात्री विचारते.

काटेकोर यांचा मुद्दा पटल्यामुळे नवऱ्याने कामाचे ठिकाण एडमंटन असे कंपनीकडून लेखी मागितले आहे, आणि ते मिळाल्याशिवाय आम्ही घर पाहणार नाही. मिळाले तर पहिला हिवाळा भाड्याच्या घरात काढावा, असा विचार आहे. आरोग्यकवच तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तिथले लागू होते आणि तोवर ऑन्टारियोचे चालते, त्यामुळे आम्हा चौघांची ती अडचण नाही.

चौकस

भाड्याने राहणार असाल तर एवढे ध्यानात असू द्या की अल्बर्टात भाडेवाढीला टक्केवारीची मर्यादा नाही. वर्षातून एकदाच वाढवता येते, पण कितीही वाढवता येते. ऑन्टारियोत नोव्हेंबर २०१८ च्या आधीपासून वापरात असलेल्या घरांना मिळते तसले संरक्षण तिथे नाही. करार जुलैमध्ये सुरू होऊन पुढच्या जूनमध्ये संपेल असा करा, म्हणजे भर थंडीत सामान हलवण्याची वेळ येणार नाही आणि मुलाचे शाळेचे वर्षही मध्येच तुटणार नाही.