मधुमेही उंदरांतील अधिवृक्क ग्रंथी खरोखर वाढते का?

दांडियाबाजारकर (प्रश्न)
मी वडोदऱ्यात प्राणिशास्त्रात संशोधन करते. विस्टर जातीच्या नर उंदरांना दर किलो वजनामागे ५५ मिलिग्रॅम स्ट्रेप्टोझोटोसिन (प्रयोगासाठी मधुमेह घडवणारे औषध) देऊन चार आठवड्यांनी स्वादुपिंडाचे छेद पाहिले, तेव्हा लँगरहान्सची बेटे (संप्रेरके स्रवणारे पेशीसमूह) आक्रसलेली आणि त्यांतील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी अगदी तुरळक उरलेल्या दिसल्या. हे अपेक्षितच होते. परंतु शरीराच्या वजनाच्या प्रमाणात अधिवृक्क ग्रंथीही (मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी) नियंत्रण गटापेक्षा बऱ्याच जड भरल्या. हा औषधाचा विषारी परिणाम समजावा की मधुमेहाचा?

रावपुरेकर
ताई, मुख्यतः मधुमेहाचा. स्ट्रेप्टोझोटोसिन ग्लूट-२ या वाहक प्रथिनातून पेशीत शिरते आणि उंदराच्या बीटा पेशींत ते विपुल असल्यामुळे मारा तेथे होतो. शिवाय हे औषध शरीरात फार काळ टिकत नाही. चार आठवड्यांनी दिसते ती इन्सुलिनच्या अभावाची किंमत. मेंदूतील हायपोथॅलॅमस व पियुषिका ग्रंथी यांच्याकडून अधिवृक्काला सतत चेतना मिळत राहते, त्याच्या बाह्यकातील झोना फॅसिक्युलाटा हा थर फुगतो आणि कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते. (उंदरांत कॉर्टिसॉल, म्हणजे माणसातील ताणाचे संप्रेरक, मोजायला जाऊ नका, त्यांच्या अधिवृक्कात त्यासाठी लागणारे विकरच नसते.) वाढलेले कॉर्टिकोस्टेरॉन यकृताकडून आणखी ग्लुकोज तयार करून घेते, म्हणजे दुखणे स्वतःच स्वतःला पोसते. लाँग आणि ल्यूकन्स यांनी १९३६ मध्ये स्वादुपिंड काढलेल्या मांजरांची अधिवृक्केही काढली, तेव्हा मधुमेह सौम्य झाला होता.

शंका उरू नये म्हणून मधुमेही उंदरांचा एक गट इन्सुलिनवर ठेवा. औषध तेच मिळूनही त्या गटात वाढ ओसरली, तर दोष औषधाचा नाही.

सूरसागर_काठ
वरील उत्तर मान्य आहे, पण मूळ आकड्याकडेच आधी पाहायला हवे. समजा २५० ग्रॅमच्या उंदरात दोन्ही ग्रंथी मिळून ५० मिलिग्रॅम आहेत. दर १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम. मधुमेहाने उंदीर १८० ग्रॅमवर आला आणि ग्रंथी तसूभरही वाढल्या नाहीत, तरी हाच आकडा जवळजवळ २८ होतो! म्हणून प्रत्यक्ष वजन स्वतंत्रपणे द्या आणि छेदांत थराची जाडी मोजा. थायमस (छातीतील प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी) हाही तोलून ठेवावा. कॉर्टिकोस्टेरॉन दीर्घकाळ चढे राहिले असेल, तर तो आक्रसलेला सापडतो.

दांडियाबाजारकर
दोघांचेही आभार. प्रत्यक्ष वजने पुन्हा पाहिली: वाढ आहे, पण प्रमाणावरून वाटली होती तिच्या निम्मीसुद्धा नाही. आणखी एक अडचण सांगते. मे महिन्यात प्राणिगृहातील वातानुकूलन दोन दिवस बंद होते आणि वडोदऱ्याचा उन्हाळा आपण जाणताच.

रावपुरेकर
मग त्या दिवसांतील रक्ताचे नमुने बाजूला ठेवावेत, कारण उष्णतेच्या ताणानेही कॉर्टिकोस्टेरॉन चढते. नमुना घेण्याची वेळही सर्व गटांत एकच हवी. उंदीर निशाचर असल्यामुळे त्यांचे कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी, अंधार पडण्याच्या सुमारास शिखरावर असते; एक गट सकाळी आणि दुसरा सायंकाळी घेतला असेल, तर त्या तुलनेला अर्थ राहत नाही.