आमच्या वाडीच्या शाळेत गुरुजी टिकत का नाहीत?

वाडीतला_पालक
गाव राजगड तालुक्यात (जुनं वेल्हे), पानशेतच्या पुढं. शाळा पहिली ते चौथी, पट २३, दोन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पोरगी आता तिसरीत आहे आणि तिला एवढ्यात चार गुरुजी झाले. शेवटचे होते ते जीव लावून शिकवायचे. धनगरवाड्यातली पोरं, जी श्रावण सरेपर्यंत फिरकायची नाहीत, ती ओढा उतरला की हजर व्हायला लागली होती. आणि मेमध्ये बदली! सह्यांचं निवेदन दिलं, काही झालं नाही. गावात म्हणतात, सगळ्यांना पुण्यात राहायचंय आणि घरभाडं मुख्यालयाचं, म्हणजे शाळेच्या गावी राहतो म्हणून, उचलायचंय. मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. कुणी शिक्षक असाल तर खरं सांगा. राग येणार नाही.

धायरीकर_मास्तर
आधी एक विचारून घ्या: तुमच्या गुरुजींनी बदली मागितली, की त्यांना खो बसला? गावाला दोन्ही सारखंच दिसतं.

ऑनलाइन बदल्यांत संवर्ग, म्हणजे प्राधान्याचे गट, असतात. एकमध्ये दिव्यांग, गंभीर आजारी, विधवा, ५३ वर्षांवरचे. दोनमध्ये ३० किलोमीटरपेक्षा लांब नोकरी असलेले पती-पत्नी. तीनमध्ये अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेले. यांतल्या कुणी तुमची जागा मागितली आणि तुम्ही बदलीपात्र असाल, तर उठायचं. मी २०१८ ला असाच उठलो. माझ्या जागेवर आलेल्या बाईंना खरोखर आजार होता, तक्रार कसली करणार? मला मिळालं मुळशीचं टोक.

तिथून मात्र मी स्वतः अर्ज भरून बाहेर पडलो, तेही सांगतो. धायरीहून बाईकवर दीड तास. घाट, पाऊस, धुकं, सगळ्याची सवय झाली. नाही झाली ती एकट्यानं चार वर्ग सांभाळायची. कागदावर आम्ही दोघे. पण जोडीदार कधी मतदार यादीच्या कामाला, कधी प्रशिक्षणाला, मग सहा महिने दुसऱ्या शाळेवर कामगिरीवर. जुलैतली गोष्ट. पोषण आहाराचे आकडे रोज मोबाईलवरून पाठवायचे आणि रेंज फक्त टाकीमागच्या खडकावर. चौथीतल्या एका मुलीला म्हटलं, दोन मिनिटं वर्ग बघ. मी खडकावर हात वर करून उभा, आणि पहिलीतला एक जण माझ्या मागं मागं आलेला, शेवाळावरून घसरून गुडघा फोडून बसला. रडलापण नाही तो. ‘गुर्जी, गेले का आकडे?’ एवढंच विचारलं.

जखम किरकोळ होती. पण पुढं पोर्टल उघडलं तेव्हा मी थांबलो नाही. बायकोला वाटतं आईच्या गुडघ्यांसाठी आलो. तेही खोटं नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख
मास्तरांशी सहमत, पण मुख्यालयी न राहणारेही मी भरपूर पाहिलेत. गाव अगदीच चुकीचं बोलत नाही. फक्त राहायचं कुठं, हे गाव सांगत नाही. खोली विचारली की समाजमंदिर दाखवतात.

आणि ‘अवघड’ची गंमत ऐका. निकषांत पाऊस, डोंगर, फोनची रेंज, रस्ता. माझ्या केंद्रातल्या, म्हणजे माझ्याकडच्या शाळांच्या गटातल्या, एका शाळेशेजारी टॉवर आला, पुढच्या यादीत शाळा सोपी झाली! पाऊस तेवढाच, ओढा तोच. त्यानंतर ती शाळा मागून घेऊन कुणी आलं नाही.

खडू_नवा
मी शिक्षणसेवक, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलो. १६,००० मानधन, पहिली तीन वर्षं. (आधीच्यांना ६,००० होतं, त्यामुळं आम्ही तोंड उघडलं की सिनिअर हसतात.) माझ्याबरोबर लागलेला मित्र रात्री एमपीएससीचा अभ्यास करायचा. राज्य कर निरीक्षक झाला, गेला. त्याला मुलं आवडायची नाहीत असं नव्हतं. हजेरीत मुलांच्या नावापुढं तो त्यांच्या शेळ्यांची नावं पेन्सिलनं लिहून ठेवायचा.

वाडीतला_पालक
फोन केला गुरुजींना. त्यांना खोच बसला होता. उलट त्यांनीच विचारलं, पोरगी पाढे म्हणते का. मग आम्ही काय करायचं? निवेदनं देत बसायचं?

धायरीकर_मास्तर
निवेदनानं बदली थांबत नाही, भाऊ. पद मात्र वाचवता येतं. कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार जुळलेल्या मुलांचा. धनगरवाड्यातल्या पोरांचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरंच, असं हमखास असतं. तुमच्या २३ पैकी किती जुळलेत, ते उद्याच नव्या गुरुजींना विचारा. त्यांना एकट्याला पायपीट करायला लावू नका. समितीतलं कुणीतरी गाडी काढा आणि पोरांना आधार केंद्रावर घेऊन जा.

वाडीतला_पालक
विचारलं. १७. बाकीच्या सहांची जीप शनिवारी. आणि शाळेमागं आमच्या चुलत्यांची खोली रिकामी आहे, पत्रा दोन जागी गळतो, तो बघतोय.