मदत हवी आहे : पार्टीसाठी गरम रोस्ट बीफ स्लायडर्स, ओव्हन एकच, आणि खालचा बन ओला होतोय

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी घरी पंचवीसेक माणसं येणार आहेत. बसून जेवण असं नाही. संध्याकाळी पाच ते आठ लोक येत-जात राहतील, गप्पा मारता मारता उभ्याउभ्या खातील. रोस्ट बीफचे गरम स्लायडर्स, म्हणजे छोट्या बनचे सँडविच, करायचं पक्कं आहे. माणशी दोन धरले तरी काही जण तिसरा उचलणारच, म्हणून साठ. बारा बन जोडलेली एक लादी, म्हणजे पाच लाद्या. ओव्हनमध्ये एका वेळी दोनच ट्रे बसतात, खरी अडचण तिथेच आहे.

कृती साधारण अशी. बन सुटे न करता अख्खी लादी दातेरी सुरीने आडवी कापायची. खालच्या भागावर मेयोनेज, सावर क्रीम आणि हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ) यांचा सॉस, त्यावर बीफचे पातळ काप, मंद आचेवर तपकिरी केलेला कांदा, प्रोव्होलोन चीज आणि मग वरचा भाग. वितळलेलं बटर, वूस्टरशायर सॉस, डिजॉन मोहरी आणि लसूण पावडर एकत्र करून वरून ओतायचं. १८० अंश सेल्सिअसला फॉइल झाकून १५ मिनिटं, मग फॉइल काढून ५ ते ७ मिनिटं.

एक लादी आधीच करून बघितली. चव फार छान आली, घरातल्यांनी बोटं चाटली. पण तळाचा बन इतका ओला झाला की उचलताना तुटत होता. कडेचं मांस कोरडं, मधले स्लायडर जेमतेम कोमट. आणि हॉर्सरॅडिशचा झणका कुठे गेला कळलंच नाही, नुसता पांढरा सॉस लागत होता.

बन कोरडा कसा ठेवायचा? तीन तास गरम कसे पुरवायचे? सगळे एकदम भाजून झाकून ठेवावेत का? आदल्या रात्री किती तयारी करता येईल? ज्यांनी मोठ्या घोळक्यासाठी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पाहुण्यांमध्ये एक गरोदर मैत्रीण आहे आणि माझे सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत, तेही ध्यानात घ्या.

प्रतिसाद १

ओलाव्याची वाट बंद केली की अर्धं काम झालं. लादी कापल्यावर खालचा भाग कापलेली बाजू वर करून ट्रेमध्ये ठेवा आणि नुसताच ४-५ मिनिटं भाजा. वरून जरा खडखडीत झाला पाहिजे. मग त्यावर आधी चीज, नंतर मांस, कांदा आणि वर पुन्हा चीज. खालचं चीज वितळून थर धरतं आणि मांसाचा रस बनपर्यंत पोचू देत नाही. दोन्हीकडच्या चीजमुळे काप जागचे हलतही नाहीत.

मांस पाकिटातून काढल्यावर किचन पेपरने टिपून घ्या. कांद्याचं पाणीही पूर्ण आटलेलं हवं.

बटरचं मिश्रण ओतू नका. ब्रशने फक्त वरच्या बनवर लावा. ओतलं की ते कडेने खाली उतरून ट्रेच्या तळाशी साचतं आणि बन त्यातच शिजतो. काचेच्या भांड्याऐवजी धातूचा ट्रे घ्या, तळ चांगला भाजला जातो. बाहेर काढल्यावर अख्खी लादी लगेच जाळीवर सरकवा. गरम ट्रेमध्ये तशीच ठेवली तर खाली वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

प्रतिसाद २

हॉर्सरॅडिशचा तिखटपणा उडून जाणारा असतो, उष्णता लागली की संपला. तुमच्या सॉसमध्ये काही कमी नव्हतं, तो ओव्हनमध्ये गेला एवढंच. सॉस थंडच ठेवा, वाटीत, शेजारी चमचा. ज्याला हवा तो बनचं झाकण उचलून लावेल. बाटलीतलं हॉर्सरॅडिश तपकिरी पडलं असेल तर नवीन आणा, जुन्यात झणका उरत नाही.

मांसाबद्दल. एका लादीला साधारण ४५० ग्रॅम काप पुरतात, म्हणजे पाच लाद्यांना सव्वादोन किलो. काप एकावर एक सपाट रचू नका. प्रत्येक काप सैलसर दुमडून ठेवा. सपाट रचलेल्या ढिगात उष्णता आत शिरत नाही, तुमचे मधले स्लायडर कोमट राहिले ते बहुतेक त्यामुळेच. कडेला मांस बनच्या बाहेर लोंबू देऊ नका, बाहेर आलेलं टोक सगळ्यात आधी वाळतं.

आतून गुलाबी असलेले काप भाजल्यावर थोडे राखाडी होणारच, त्याची काळजी करू नका. काप जितका पातळ तितका तो मऊ लागतो, रंग कसाही असो. घरी रोस्ट करणार असाल तर आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये पूर्ण गार होऊ द्या. गार मांस कागदासारखं पातळ कापता येतं, गरम असताना ते फाटतं. कापताना सुरी धाग्यांना आडवी चालली पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. दुमडून ठेवायचं मला सुचलंच नसतं. मांस तयार कापच आणणार आहे. आता वेळापत्रक आणि मैत्रिणीचं कसं करू ते सांगा.

प्रतिसाद ३

मैत्रिणीपासून सुरुवात करते, कारण तिथे तडजोड नको. तयार मिळणाऱ्या कापलेल्या मांसात लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जंतू असू शकतो आणि तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बायकांनी आणि वयस्कर माणसांनी असं मांस ७४ अंशांपर्यंत, म्हणजे वाफाळेपर्यंत गरम करूनच खावं. ओव्हनमधल्या लादीच्या मधोमध तेवढी उष्णता पोचली का हे थर्मामीटरशिवाय कळत नाही. म्हणून त्या दोघांचे काप वेगळे काढा, थोड्या बीफ स्टॉकमध्ये उकळी येईपर्यंत गरम करा, निथळून बनमध्ये भरा आणि लगेच द्या. मांसही रसरशीत राहतं, त्यांना वेगळं काही वाढल्यासारखं वाटणारही नाही. सॉससाठी घरी कच्च्या अंड्याचं मेयोनेज करू नका, बाटलीतलं वापरा.

वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात. कुणाला माशांची अॅलर्जी आहे का, ते आधी विचारून ठेवा.

सगळ्या लाद्या एकदम भाजून तीन तास झाकून ठेवण्याचा विचार मात्र सोडा. शिजलेलं मांस टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर ठेवावं लागतं. तसं ठेवलं तर बन एक तर वाळतो, नाही तर वाफेने लिबलिबीत होतो. मी असते तर पावणेपाचला दोन ट्रे लावले असते आणि पुढे साधारण पाऊण तासाने एकेक. प्रत्येक खेप ताजी येते, वासाने लोक आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात, आणि माणसं कमी आली तर शेवटची लादी न भाजता राहते.

कांदा दोन दिवस आधी करून ठेवा. लादीला दोन मोठे धरले तर दहा कांदे लागतील. एका कढईत गर्दी केली की ते तपकिरी न होता नुसते वाफवले जातात, म्हणून दोन पसरट पॅन घ्या आणि पाऊण तास हाताशी ठेवा. ही घाईत उरकायची गोष्ट नाही. संपूर्ण स्लायडरचा गोडवा त्या कांद्यातच आहे.

शनिवारी दुपारी खालचे भाग भाजून पूर्ण गार करा, मांस-चीज भरा, घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा. बटर आत्ता नको, ओव्हनमध्ये घालण्याच्या क्षणी लावा. थंड लादीला फॉइलखाली पाचेक मिनिटं जास्त द्या.

धागाकर्ती

किती नीट समजावून सांगितलंत! सासऱ्यांचं आणि मैत्रिणीचं ताट तसंच करणार. आता एकच शंका. बुडवून खायला मांसाचा पातळ गरम रस ठेवायचा विचार होता. ठेवू का, की पुन्हा सगळं ओलंच होईल?

प्रतिसाद १

जरूर ठेवा, पण छोट्या वाट्यांत, ज्याच्या त्याच्या हातात. बीफ स्टॉक, चमचाभर वूस्टरशायर, लसणीची एक ठेचलेली पाकळी आणि मिरपूड, दहा मिनिटं मंद उकळायचं आणि गाळायचं. मीठ शेवटी चाखून घाला, स्टॉक आटला की आधीच खारट होतो. उभ्याने खाणाऱ्यांना अर्धीच वाटी द्या, सांडत नाही.