उत्तर: उंच बॉक्सर विरुद्ध बुटका, नुसता जॅब पुरेल का?
उंच बॉक्सरने फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा) मारत लांब राहायचं, बाकी काही लागत नाही असं वर लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. जॅब हवाच, पण बुटका माणूस कधी ना कधी आत शिरतोच आणि खरी परीक्षा तिथेच असते. २००२ ची लेनॉक्स लुईस-माइक टायसन हेवीवेट फाइट परत बघा, लुईस ६ फूट ५ आणि टायसन ५ फूट १०, टायसन आत आला की लुईस क्लिंच करून (मिठीत धरून) सगळं वजन त्याच्या मानेवर टाकायचा, मग ढकलून परत जॅब आणि मान खाली गेली की अपरकट म्हणजे खालून वर ठोसा, आठव्या राउंडला टायसन संपला. वजन टाकणं लोक विसरतात राव, पाय थकतात त्याने समोरच्याचे.

मी इथे पुण्यात कॅम्पातल्या एका हॉलमध्ये स्पारिंग (सरावाची लढत) करतो, माझ्यापेक्षा वीतभर बुटका एक पोरगा आहे, मी सरळ मागे गेलो की दोन पावलांत त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली आणि बरगडीत हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा. आमचे कोच सर एकच ओरडतात, मागे नको, बाजूला सरक! आणि जॅब त्याच्या छातीवर पण मार, डोकं हलतं, छाती तेवढी हलत नाही.