व्याख्यानमाला: रोज नवा वक्ता की तीन दिवस एकच?

प्रश्न

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय दर जानेवारीत पाच दिवसांची व्याख्यानमाला भरवते. विषय इतिहास, भाषा, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांपैकीच असावा, हा संस्थापकांनी घालून दिलेला दंडक आम्ही आजवर पाळला आहे. अलीकडे मात्र पहिले पुष्प गुंफले जाते तेव्हा सभागृह भरलेले असते आणि चौथ्या दिवशी पुढच्या दोन रांगा व कार्यकारिणी एवढीच मंडळी उरतात. रोज नवा, नावाजलेला वक्ता आणावा आणि विषयाचे बंधन सैल करावे, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. मला स्वतःला एकाच अभ्यासकाने तीन संध्याकाळी एकच विषय उलगडून सांगावा असे वाटते. पण वक्ता रंगला नाही तर तिन्ही दिवस फुकट जातील, ही धास्तीही आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

या दोन्ही रीती आपल्याकडे दीडशे वर्षांच्या जुन्या आहेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालवते आणि तिथे रोज वक्ता बदलतो, विषयही बदलतो. या रीतीचा फायदा असा की एक दिवस चुकला तरी श्रोत्याचे काही अडत नाही. नाशिकला मे महिन्यात गोदाघाटावर उघड्यावर व्याख्याने होतात. फिरायला आलेला माणूस सहज टेकतो, आवडले तर बसतो, नाही तर उठतो. तिथे सलग विषय घेतला असता तर या माणसाला दुसऱ्या दिवशी काय कळले असते?

उलट, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर सात व्याख्याने दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि मग मराठी, हिंदी, गुजराती यांचे ध्वनी आणि प्रत्यय, अशी ती उतरंड आहे. मधले मडके काढले तर वरचे कोसळते. असा विषय एका संध्याकाळी उरकणे म्हणजे नुसती नावे घेणे होय. आपला विषय कोणत्या जातीचा आहे, हे आधी ठरवा; वक्त्यांची संख्या त्यावरून आपोआप ठरेल. विषयाचे बंधन मात्र सोडू नये, कारण यशाची सूत्रे सांगणारी भाषणे आता घरबसल्या हवी तेवढी ऐकता येतात.

प्रतिसाद २

माझ्या मते वक्ता एक की पाच, यापेक्षा व्याख्यान कागदावर उतरते की नाही, हे महत्त्वाचे आहे. वर उल्लेखिलेली भांडारकरांची व्याख्याने पुस्तकरूपाने १९१४ साली आली, म्हणजे तब्बल ३७ वर्षांनी. पण आली, म्हणून आज आपण त्यांच्याविषयी बोलत आहोत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात डॉ. आंबेडकर २९ जानेवारी १९३९ रोजी संघराज्याच्या योजनेवर बोलले आणि ते भाषण त्याच वर्षी छापले गेले. त्या संध्याकाळी सभागृहात बसलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी ते नंतर वाचले आहे. तेव्हा वक्त्याला निमंत्रण देतानाच लेखी मसुदा मागावा आणि त्याचे मानधन वेगळे द्यावे. शाल-श्रीफळावरचा खर्च वाचवला तरी चाळीस पानांची पुस्तिका निघते.

प्रतिसाद ३

माफ करा, पण मी श्रोता म्हणून लिहितो. आमच्या गावच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत साडेसहाची वेळ असते. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, देणगीदारांचे सत्कार, प्रास्ताविक, आणि वक्त्याचा परिचय, ज्यात त्यांच्या सर्व पदव्या व पुरस्कार कागदावरून वाचले जातात. वक्ते उभे राहतात तेव्हा सात वाजून वीस मिनिटे झालेली असतात आणि आमची शेवटची एसटी साडेआठला सुटते. आठ वाजता मागच्या रांगा रिकाम्या होतात, त्याचे खापर विषयाच्या रुक्षपणावर फुटते. आपल्याकडे चौथ्या दिवशी लोक येत नाहीत, की येऊन उठून जातात, हे एकदा दाराशी उभे राहून पाहावे.

प्रश्नकर्ता

एसटीचा मुद्दा अगदी वर्मी लागला. आमच्याकडेही आसपासच्या वाड्यांना जाणारी गाडी पावणेनऊची आहे आणि इतक्या वर्षांत कोणालाही हे सुचले नाही. कालच्या बैठकीत असे ठरले की यंदा तीनच दिवस, एकच वक्ता आणि विषय आमच्या परिसरातील शिलालेख. सत्कार सगळे शेवटच्या दिवशी, तेही व्याख्यानानंतर. वाचलेल्या दोन दिवसांच्या मानधनातून पुस्तिका काढायची आहे. फक्त वक्ते म्हणतात की ते टिपणांवरून बोलतात, मसुदा लिहीत नाहीत. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करून घेतले तर चालेल का?

प्रतिसाद २

चालेल, पण शिलालेखांच्या विषयात धोका आहे. राजांची नावे, शक आणि लेखांतील मूळ ओळी ऐकून लिहिताना हमखास चुकतात. शक आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचे अंतर असल्याने एका शब्दाच्या गफलतीने अख्खे घराणे मागेपुढे सरकते. एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याकडून पहिल्या दिवसाचे शब्दांकन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत करून घ्या आणि वक्ते गावात मुक्कामाला असतानाच त्यांच्या हाती द्या. एकदा ते परतले की तपासलेली प्रत यायला वर्ष लागते, हा माझा अनुभव आहे.