आयटीपी: रिटुक्सिमॅब घ्यावे की रोजची गोळी? अनुभव हवे आहेत

नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीला (वय 47) गेल्या वर्षी आषाढात आयटीपीचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करते, तो आजार) निदान झाले. पोटऱ्यांवर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके उठले होते आणि बाजाराची पिशवी हाताला अडकवली, की मनगटावर काळानिळा वळ उमटत असे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नातेवाइकांनी तिला पपईच्या पानांचा रस पाजून घेतला होता. प्लेटलेट्स तेव्हा 11 हजार होत्या. (तो रस कृपया सुचवू नये.)

स्टिरॉइड चालू असले की प्लेटलेट्स लाखाच्या घरात जातात, पण मात्रा उतरवत आणली की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा 20 हजारांच्या खाली येतात, आणि दरम्यान साखर वाढली, चेहरा सुजला, झोपही उडाली आहे. एकदा हिरड्यांतले रक्त थांबेना म्हणून आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन) दिले. त्याचा गुण लगेच आला, पण महिनाभरही टिकला नाही.

आता डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले आहेत: रिटुक्सिमॅबची आठवड्याला एक अशी चार सलाइने, किंवा प्लेटलेट्सची निर्मिती वाढवणाऱ्या एल्ट्रोम्बोपॅगची रोजची गोळी. मला समजले ते असे, की रिटुक्सिमॅब ही अँटीबॉडी बी-पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाला चिकटून त्या पेशी नष्ट करते, त्यामुळे प्लेटलेट्सवर उलटणाऱ्या अँटीबॉडी तयार होणे कमी होते. सुरुवातीला साधारण 60 टक्के रुग्णांना गुण येतो, पण पाच वर्षांनी तो टिकून असलेले जेमतेम 20 टक्के असतात. हा दुसरा आकडा वाचल्यापासून माझे मन डळमळले आहे. अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत एल्ट्रोम्बोपॅगच्या गटातील औषधांना रिटुक्सिमॅबच्या आधी आणि रिटुक्सिमॅबला प्लीहा काढण्याच्या आधी स्थान आहे. मात्र दीर्घकाळ औषध नको असेल तर हा क्रम बदलू शकतो, असेही तिथे म्हटले आहे. ताईला नेमकी रोजची गोळीच नको आहे, कारण दुधाचे काही घेतले की चार तास गोळी नाही आणि गोळी घेतली की दोन तास दूध नाही, हे पथ्य दिवसातून पाच वेळा चहा पिणाऱ्या बाईला जाचक वाटते.

ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या प्रौढ व्यक्तीने रिटुक्सिमॅब घेतले आहे, त्यांनी कृपया सांगावे, की शरीराच्या क्षेत्रफळानुसार ठरणारी (दर चौरस मीटरला 375 मिलिग्रॅम) मात्रा मिळाली की सरसकट 100 मिलिग्रॅमची, आणि प्लेटलेट्स कितव्या आठवड्यात चढू लागल्या? पहिल्या सलाइनच्या वेळी थंडी-ताप कितपत आला? रिटुक्सिमॅबने जुना हेपॅटायटिस बी पुन्हा उफाळू शकतो, पण ताईची त्यासाठी फक्त एचबीएसएजी (चालू संसर्ग दाखवणारी) चाचणी झाली आहे. जुना संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसी चाचणी प्रयोगशाळेने केलीच नाही, तिचा आग्रह मी धरणार आहे. शिवाय या औषधानंतर किमान सहा महिने लशींचा उपयोग नीट होत नाही, म्हणून न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस आधी घेतली असल्यास सलाइनपूर्वी किती आठवडे थांबलात?

पुढची भेट सोमवारी आहे.